फ्रेंचमधला मान आणि मोकळेपणा : वाचकांचे प्रश्न

फ्रेंच शिकणाऱ्या वाचकांच्या पत्रांत या वेळी एकच अडचण निरनिराळ्या रूपांत आली आहे. एकाच गोष्टीसाठी फ्रेंचमध्ये तीन-चार शब्द असतात, ते सगळे शब्दकोशात सापडतात, आणि तरीही त्यांतला एखादा चुकीच्या जागी पडला की समोरचा माणूस चपापतो. कोणता शब्द कुठे शोभतो हे ओळखावे कसे, हा प्रश्न नाशिक शहर आणि परिसरातून इतक्या जणांनी विचारला, की हा भाग त्याच विषयाला दिला आहे. फ्रेंच शब्द देवनागरीत लिहिताना ते मूळ उच्चाराच्या शक्य तितके जवळ ठेवले आहेत. अनुनासिके आणि ओठ गोल करून काढायचे स्वर मात्र कानांनीच शिकावे लागतील.

प्रश्न : मी कॉलेज रोड भागात राहते आणि डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेच्या बी-२ पातळीची तयारी करते आहे. शब्दसंग्रह वाढावा म्हणून फ्रेंच मालिका पाहते. सरावासाठी महापौरांना पत्र लिहायचे होते; तरुणांना काम मिळावे आणि त्यासाठी पालिकेने पैसे द्यावेत, असा विषय होता. मी कामासाठी 'बूलो' आणि पैशांसाठी 'फ्रिक' हे शब्द वापरले. व्याकरण बरोबर होते, शब्दही कोशात आहेत, तरी शिक्षकांनी दोन्हींखाली लाल रेघ ओढली. यात चूक नेमकी कोणती?

उत्तर : रेघ योग्य ठिकाणी ओढली गेली आहे. 'बूलो' आणि 'फ्रिक' हे अस्सल फ्रेंच शब्द आहेत आणि रोज असंख्य लोकांच्या तोंडी असतात. परंतु महापौरांना लिहिलेल्या मराठी अर्जात 'पोरांना कामाला लावा आणि त्यासाठी दमड्या मोजा' असे कोणी लिहिले, तर व्याकरणाची एकही चूक नसताना अर्ज वाचणारा जसा थबकेल, तसाच तुमचे पत्र वाचणारा फ्रेंच माणूस थबकतो.

फ्रेंच शिकवताना शब्दांचे ढोबळमानाने तीन थर सांगतात. 'सूतन्यू' म्हणजे जपून वापरलेली, प्रौढ, बहुधा लेखी भाषा. 'कूराँ' म्हणजे कोणाशीही, कुठेही चालणारी भाषा. आणि 'फामिलिए' म्हणजे घरच्यांशी व मित्रांशी बोलण्याची मोकळी भाषा. त्याच्याही खाली गटागटांची सांकेतिक बोली, म्हणजे 'आर्गो', आणि उघड शिवराळ भाषा येते. आपण 'भोजन करणे', 'जेवणे' आणि 'हादडणे' यांत जो फरक करतो, तोच तिथे 'स रेस्तोरे', 'माँजे' आणि 'बुफे' यांत आहे. पुस्तकाला 'लिव्र' हा सर्वत्र चालणारा शब्द. विद्वान परीक्षणात त्याच पुस्तकाला 'ऊव्राज' म्हणतील आणि मित्राला 'तुझं ते बुकँ परत दे' असे सांगतील. गाडीसाठी 'व्वात्यूर', आणि मित्रांत 'बान्योल'. मुलासाठी 'आँफाँ', आणि घरात 'गोस' किंवा 'गामँ'. पैशांसाठी 'आर्जाँ' हा साधा शब्द आहे, आणि त्याच्या खालच्या थरात 'फ्रिक', 'पोन्यों', 'त्यून' अशी मोठी रांग आहे. पैसा, खाणे, पिणे, पोलीस, भांडण आणि प्रेम या विषयांत मोकळे शब्द सर्वांत जास्त पिकतात, हे कोणत्याही भाषेत दिसते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. थर शब्दाला कायमचा चिकटलेला नसतो. तो अर्थाप्रमाणे बदलतो. 'क्रव्हे' हे क्रियापद पाहा. गाडीचे चाक पंक्चर झाले, या अर्थाने ते अगदी साधे, कुठेही चालणारे आहे. 'मी पार थकून गेलो' या अर्थाने ते मोकळ्या बोलण्यातले आहे, आणि मित्रांत सर्रास चालते. परंतु माणूस मेला या अर्थाने वापरले, तर ते फार कठोर होते. तिथे 'मूरीर' म्हणावे, आणि शोकसंदेशात किंवा कार्यालयीन कागदावर 'देसेदे', म्हणजे आपल्याकडचे 'निधन झाले'. म्हणून शब्द वहीत उतरवताना एकटा उतरवू नये. तो कोणी, कोणाला, कशाबद्दल म्हटला, तेही शेजारी लिहावे. मालिका पाहून शिकणाऱ्यांची अडचण नेमकी इथेच होते. पडद्यावरची माणसे बहुतेक वेळ एकमेकांची मित्र, शत्रू किंवा प्रियकर असतात. त्यांच्या तोंडी महापौरांना अर्ज लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

आता तुमच्या पत्राकडे वळू. 'फ्रिक' काढून 'आर्जाँ' घातले तर चूक दुरुस्त होईल, पण पत्र चांगले होणार नाही. महापौरांच्या पत्रात 'ब्यूद्जे' (अंदाजपत्रक), 'स्यूब्वाँसियों' (अनुदान), 'मोयँ फिनाँसिए' (आर्थिक साधने) यांपैकी जे तुम्हाला खरोखर म्हणायचे आहे, ते म्हणावे. 'बूलो'च्या जागी 'त्रावाय' चालेल, परंतु नोकरी म्हणायचे असेल तर 'आँप्ल्वा' आणि पद म्हणायचे असेल तर 'पोस्त'. औपचारिक फ्रेंच म्हणजे जुनाट, जड आणि अलंकारिक फ्रेंच, असा समज आपल्याकडे फार खोलवर रुजला आहे, आणि तो सोडावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. चांगल्या औपचारिक फ्रेंचचा पहिला गुण अचूकपणा हा आहे. 'गोष्ट' या अर्थाचा 'शोज', 'करणे' या अर्थाचा 'फेर' आणि 'आहे' या अर्थाचा 'इल य आ' हे तीन शब्द परिच्छेदात पुन्हापुन्हा आले असतील, तर प्रत्येक ठिकाणी थांबून नेमकी कोणती गोष्ट, नेमके काय करणे, असा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तरादाखल जो शब्द सुचेल, तो बहुधा योग्य थरातलाच असतो.

पत्राचा सूरही एक राहिला पाहिजे. सुरुवातीला 'मस्यू ल मेर' असे मानाने लिहून पुढे 'ज व', म्हणजे 'मला पाहिजे', असे लिहिले, तर वरचा मान वाया जातो. तिथे 'ज वुद्रे' किंवा 'ज स्वेतरे' लिहावे. 'ते' या अर्थाने 'सा' ऐवजी 'सला' लिहावे. 'प्रोफ' (शिक्षक), 'रेस्तो' (उपाहारगृह), 'आपार' (सदनिका) अशी तोडलेली रूपे पूर्ण लिहावीत. डेल्फ ही पदविका १९८५ पासून फ्रान्सचे शिक्षण मंत्रालय देते. चार भागांना प्रत्येकी २५ गुण असतात, उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० आणि प्रत्येक भागात किमान ५ गुण लागतात. बी-२ पातळीच्या लेखी भागात तुमचे मत मुद्देसूद मांडायचे असते, अनेकदा औपचारिक पत्राच्या रूपात, आणि लेखन प्रसंगाला साजेसे आहे की नाही हेही परीक्षक पाहतात. त्यामुळे मालिका पाहणे सोडू नका, पण त्यांतले शब्द समजण्यासाठी ठेवा आणि लिहिण्यासाठी बातम्या व अग्रलेख वाचा.

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात अभियंता आहे आणि काही महिन्यांसाठी फ्रान्समधल्या ल्योंला जाणार आहे. व्हिडिओ कॉलवर तिकडचे सहकारी एकमेकांना 'त्यू' (तू) म्हणतात, त्यांच्या वरिष्ठांनाही. वर्गात आम्हाला 'वू' (तुम्ही) शिकवले. मी काय म्हणावे? आणि 'त्यू' म्हटल्यावर मोकळे शब्दही वापरावेत का?

उत्तर : नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत हा प्रश्न नवा नसावा, महिंद्र आणि रेनो यांच्या भागीदारीतली लोगान गाडी २००७ पासून इथल्याच कारखान्यात तयार होऊ लागली होती. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर असे, की सुरुवात 'वू'ने करावी आणि 'त्यू'चे आमंत्रण समोरून येऊ द्यावे. ते फार लवकर येते. 'ओं प स त्यूत्वाये?' असा प्रश्न येईल, म्हणजे 'आपण एकमेकांना त्यू म्हणू या का?' बरोबरीच्या सहकाऱ्यांत ते पहिल्याच दिवशी येईल. वयाने किंवा पदाने मोठ्या माणसाकडून आठवड्यांनी येईल किंवा येणारही नाही. एकदा 'त्यू' सुरू झाले की पुन्हा 'वू'कडे जाऊ नये. तुम्हाला तो आदर वाटेल, पण समोरच्याला तुम्ही रागावलात असे वाटेल. आणखी एक मधली वाटही तिकडच्या कार्यालयांत आढळते: हाक पहिल्या नावाने आणि क्रियापद 'वू'चे.

मराठी माणसाला 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद जन्मापासून माहीत असतो, म्हणून हा भाग आपल्याला सोपा जातो, असे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. आपल्या घरांत आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणण्याची पद्धत अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. आजच्या बहुतेक फ्रेंच घरांत दोघांनाही 'त्यू' म्हणतात, आजी-आजोबांनाही. विठ्ठलाला आपण 'तू' म्हणतो आणि ख्रिस्ती प्रार्थनेतही फ्रेंच लोक देवाला 'त्यू' म्हणतात, परंतु कॅथलिक प्रार्थनेत हे रूप १९६६ साली आले. त्याआधीच्या पाठात देवाला 'वू' होते. याउलट भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला किंवा उपाहारगृहातल्या वाढप्याला आपल्याकडे जो सहज 'अरे-तुरे' केला जातो, तो फ्रान्समध्ये मुळीच चालत नाही. दुकानात शिरताच 'बोंजूर, मादाम' म्हणायचे आणि 'वू' वापरायचे. ते न म्हणता थेट वस्तू मागणे हा उर्मटपणा समजला जातो. या बाबतीत त्यांची रीत आपल्यापेक्षा चांगली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, सर्व नागरिक समान असल्याने सरकारी कामकाजातही सर्वांनी 'त्यू' म्हणावे, असा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही आणि 'वू' परत आला. १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर मात्र 'त्यू'चा वापर पुष्कळ वाढला. तुम्ही ज्या कार्यालयात चालला आहात, तिथले वातावरण या दुसऱ्या बदलातून घडलेले आहे.

व्याकरणातल्या दोन सवयी इथेच सोडून जा. 'सर आले', 'मॅडम म्हणाल्या' असे आदरार्थी अनेकवचन आपण तिसऱ्या माणसाबद्दलही वापरतो. फ्रेंचमध्ये तसे नाही. अनुपस्थित साहेबांबद्दल बोलताना 'इल' हे एकवचनच वापरायचे, मग साहेब कितीही मोठे असोत. तसेच एकाच व्यक्तीला 'वू' म्हणताना क्रियापद अनेकवचनी होते, पण त्यासोबतचे विशेषण किंवा कृदंत एकवचनीच राहते. लिहिताना त्याला अनेकवचनाचे अक्षर जोडणे ही आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची ठरलेली चूक आहे. 'आपण' हे आपले तिसरे, सर्वांत मानाचे सर्वनाम फ्रेंचमध्ये नाही. तो मान तिथे 'मस्यू', 'मादाम' आणि क्रियापदाच्या संकेतार्थी रूपांतून येतो: 'पुव्हे-वू' म्हणजे 'तुम्ही करू शकता का', आणि 'पुरिए-वू' म्हणजे 'आपण करू शकाल का'.

आता दुसरा भाग. 'त्यू' मिळाले म्हणजे मोकळे शब्दही मिळाले, असे नाही; या दोन वेगवेगळ्या परवानग्या आहेत. सहकाऱ्याला 'त्यू' म्हणून अगदी नीटस भाषा बोलता येते आणि पहिले काही आठवडे तशीच बोलावी. परक्या माणसाच्या तोंडी खालच्या थरातला शब्द मूळ भाषकाच्या तोंडी असतो त्यापेक्षा जास्त खटकतो, कारण उच्चार कच्चा आणि शब्द मात्र धीट, असे विचित्र मिश्रण होते. सगळे मोकळे शब्द सारखे धीटही नसतात. 'मला काही फरक पडत नाही' हे म्हणायला 'सा मे तेगाल' हे कुठेही चालते, 'ज माँ फिश' मित्रांत चालते, आणि 'ज माँ फू' हे त्याहून एक पायरी खाली उतरते. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत अर्थ जवळजवळ तोच आहे, पण तिसरे वाक्य बैठकीत निघाले तर ते लोकांच्या लक्षात राहील. 'बूलो', 'सँपा' (छान, मनमिळाऊ), 'रेस्तो', 'ओर्दी' (संगणक) हे शब्द लवकर स्वीकारायला हरकत नाही. ते कार्यालयात सर्वांच्याच तोंडी असतात.

ई-मेलमध्ये 'बोंजूर' आणि शेवटी 'कोर्दियालमाँ' ही जोडी जवळपास प्रत्येक प्रसंगाला पुरते.

प्रश्न : बोलताना फ्रेंच लोक नकारातला 'न' गाळतात. ते चुकीचे आहे का?

उत्तर : बोलताना नाही, लिहिताना होय. 'मला माहीत नाही' हे पूर्ण रूपात 'ज न से पा' असे होते. रोजच्या बोलण्यात ते 'ज से पा', आणि भरभर बोलताना 'शे पा' होते. शिकलेली, सुसंस्कृत माणसेही असेच बोलतात. त्याचप्रमाणे 'आम्ही' यासाठी लेखात 'नू' आणि बोलण्यात 'ओं' येते. प्रश्न विचारण्याच्या तीन रीतीही अशाच उतरत्या क्रमाने आहेत: 'ऊ आबिते-वू?', 'ऊ एस्क वू झाबिते?' आणि 'वू झाबिते ऊ?' तिन्हींचा अर्थ 'तुम्ही कुठे राहता?' हाच. मधली रीत सर्वत्र चालते, म्हणून ती आधी पक्की करावी.

प्रश्न : गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका द्राक्षमळ्यात मी पाहुण्यांना वाइन चाखवण्याचे काम करतो. फ्रेंच पाहुणे आले की माझ्या तोंडून 'वू वुले ब्वार?' एवढेच निघते. ते हसून 'हो' म्हणतात, पण काहीतरी चुकते असे जाणवते.

उत्तर : तुमची जाणीव बरोबर आहे. 'ब्वार' म्हणजे पिणे. वाक्य चूक नाही, पण ते पाणपोईवर शोभणारे आहे. वाइनच्या दालनात क्रियापद 'देग्यूस्ते' किंवा 'गूते' असते, म्हणजे चव घेणे, आस्वाद घेणे. 'स्वेते-वू देग्यूस्ते नो व्हँ?' असे विचारावे, किंवा त्याहून सहज, 'ज वू प्रोपोज द गूते...' असे म्हणून पुढे वाइनचे नाव सांगावे. शनँ ब्लाँ, सोविन्यों ब्लाँ, काबेर्ने सोविन्यों ही नावे मूळचीच फ्रेंच आहेत. ती त्यांच्या उच्चारात म्हटली की पाहुणा निम्मे काम आपणच करतो.

तुमच्या धंद्यात एका शब्दाबाबत विशेष जपावे. फसफसणाऱ्या वाइनला 'शाँपान्य' म्हणू नये. ते नाव फ्रान्समधल्या त्याच नावाच्या प्रदेशात, ठरलेल्या नियमांनी केलेल्या वाइनपुरते राखलेले आहे, आणि फ्रेंच पाहुणा या बाबतीत हळवा असतो. मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीची 'शाँदों' आपल्या दिंडोरीत तयार होऊ लागली, तीसुद्धा शाँपान्य म्हणून विकली गेली नाही. मग काय म्हणावे? 'मूस्य' हा शब्द कोशात आहे, पण बोलण्यात त्याला स्वस्तपणाचा वास लागला आहे. 'व्हँ एफेर्वेसाँ' हा व्यवसायातला नेटका शब्द आहे, तोच वापरावा. पाहुणे आपसांत वाइनला 'पिनार' म्हणतील. तो त्यांचा मोकळा शब्द आहे आणि तुम्ही तो उचलू नये, कारण यजमानाच्या तोंडी त्याचा अर्थ 'साधीसुधी, हलकी वाइन' असा होऊ शकतो.

स्वागताला 'बोंजूर मस्यू-दाम' असे एकत्र म्हणण्याची सवय फ्रान्समधल्या अनेक दुकानदारांना आहे, पण काटेकोर लोकांना ते गावठी वाटते. 'बोंजूर मादाम, बोंजूर मस्यू' असे सुटे म्हणावे. त्यांनी 'मेर्सी' म्हटल्यावर 'द रियँ' चालते, पण 'ज वू झाँ प्री' अधिक शोभते. पाहुण्यांबरोबर लहान मूल असेल, तर त्याला मात्र निःसंकोच 'त्यू' म्हणावे.

प्रश्न : मी इंदिरानगरमध्ये राहणारा निवृत्त शिक्षक आहे. माझी नात पुण्यात फ्रेंच शिकते. तिच्या मैत्रिणी 'मफ', 'ऊफ', 'शलू' असे शब्द वापरतात आणि ते उलटे केलेले शब्द आहेत, असे ती सांगते. जी भाषा आम्ही नजाकतीसाठी ऐकून होतो, तिची अशी मोडतोड का होते? ती थांबवायला कोणी नाही का?

उत्तर : आपल्या नातीने सांगितले ते खरे आहे. या पद्धतीला 'वेर्लाँ' म्हणतात आणि ते नावही तिनेच घडलेले आहे: 'लाँवेर' म्हणजे उलट, आणि त्याची अक्षरे उलटी केली की 'वेर्लाँ'. 'फाम' म्हणजे बाई, तिचे 'मफ' झाले. 'फू' म्हणजे वेडा, त्याचे 'ऊफ'. 'लूश' म्हणजे संशयास्पद, त्याचे 'शलू'. ही बोली विशेषतः १९७० आणि १९८० च्या दशकांत पॅरिसच्या उपनगरांतल्या तरुणांत बळावली आणि तिथून गाण्यांतून, चित्रपटांतून सर्वत्र पसरली.

परंतु शब्द फिरवून आपसांत बोलण्याची रीत त्याहून बरीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या खाटकांची 'लूशेबेम' नावाची बोली होती. शब्दाचे पहिले व्यंजन शेवटी न्यायचे, त्याच्या जागी 'ल' घालायचा आणि शेवटी एक शेपूट जोडायचे. गिऱ्हाइकाला कळू नये, म्हणून दुकानदार ती बोलत. आपल्या जुन्या व्यापारी पेठांत दलाल मंडळी नंदभाषा बोलत, त्यामागचा हेतू हाच होता. त्यामुळे याला मोडतोड म्हणताना थोडे थांबावे, असे मी आदराने सुचवीन. ज्याला शब्द उलटा करता येतो, त्याला तो सुलटा पक्का येत असावाच लागतो.

आपण विचारता, थांबवायला कोणी नाही का. भाषेवर लक्ष ठेवणारी फ्रेंच अकादमी १६३५ मध्ये कार्डिनल रिशल्यने स्थापन केली, तिच्या कोशाची पहिली आवृत्ती १६९४ मध्ये आली आणि नववी २०२४ मध्ये पूर्ण झाली. अकादमी सुचवते, नापसंती कळवते, परंतु कोणाच्या तोंडावर हात ठेवणे तिच्या हाती नाही. आणि खालच्या थरातले शब्द नेहमी खालीच राहतात, असेही नाही. डोक्याला आज अत्यंत सभ्य फ्रेंचमध्ये 'तेत' म्हणतात. तो ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ मडके असा होता आणि डोक्याला मडके म्हणणे ही त्या काळची थट्टा होती. घोड्याचा 'शवाल' ज्या लॅटिन शब्दापासून आला, तो मुळात मरतुकड्या तट्टाला लावत. 'मेत्रो', 'वेलो', 'फोतो' हे सगळे लांब शब्द तोडून केलेले. आज ते कोणाला खटकत नाहीत. म्हणून 'मफ' उद्या कुठे असेल, हे आज ठरवता येत नाही. आजच्या रूढ कोशांत तो आहे, पण 'फामिलिए' अशी खूण लावून आहे.

नातीच्या शिक्षणापुरते बोलायचे, तर काळजी एकाच गोष्टीची करावी: तिला 'फाम', 'फू' आणि 'लूश' हे शब्द आणि त्यांचे लेखन येते का? येत असेल, तर तिने मैत्रिणींत 'मफ' खुशाल म्हणावे. वेर्लाँला वय असते, हेही तिला सांगावे. त्यातले पुष्कळ शब्द दहा-पंधरा वर्षांत जुने होतात, आणि जुना झालेला तरुण शब्द वापरणारा माणूस तरुणांत फार केविलवाणा दिसतो. 'माँजे' आणि 'त्रावाय' यांना तो धोका नाही.

प्रश्न : नाशिक रोडहून लिहीत आहे. फ्रान्समधल्या विद्यापीठात प्रवेशासाठी पत्र पाठवायचे आहे. शेवटचे वाक्य फारच लांबलचक सुचवतात, ते खरेच लिहावे का? आणि मायना काय असावा?

उत्तर : लिहावे. 'ज वू प्री दाग्रेए, मादाम, मस्यू, लेक्स्प्रेसियों द मे साल्यूतासियों दिस्तँगे' हे वाक्य आपल्या 'कळावे, लोभ असावा' यासारखे रूढ आहे. त्याचा शब्दशः अर्थ कोणी लावत बसत नाही, पण ते नसले तर पत्र अर्धवट वाटते. छापील किंवा जोडलेल्या पत्रात ते असावे; साध्या ई-मेलला 'बियँ कोर्दियालमाँ' पुरेसे आहे. मधला 'मादाम, मस्यू' हा भाग मायन्याशी जुळला पाहिजे: वर ज्यांना संबोधले, त्यांनाच खाली संबोधावे.

मायन्यात 'शेर' म्हणजे 'प्रिय' लिहू नये. अनोळखी माणसाला ते सलगीचे वाटते. नुसते 'मादाम, मस्यू' लिहून स्वल्पविराम द्यावा. प्राध्यापकाचे नाव माहीत असले तरी मायन्यात आडनाव न घालणे ही जुनी आणि सुरक्षित रीत आहे. अविवाहित स्त्रीसाठीचा 'मादमुआझेल' हा शब्द फ्रान्सच्या सरकारी अर्जांतून २०१२ मध्ये वगळला गेला, म्हणून सर्व स्त्रियांना 'मादाम'च लिहावे. पत्राच्या पोटात स्वतःची स्तुती करणारी मोठी विशेषणे टाळावीत आणि 'साठी' या अर्थाच्या साध्या 'पूर' ऐवजी दर वेळी 'आफँ द' लिहून वाक्ये फुगवू नयेत. एखाद्या ठिकाणी ते शोभते, पाच ठिकाणी नाही.

प्रश्न : माझा भाऊ माँत्रेआलला असतो. तो गाडीला 'शार' म्हणतो आणि बुटांना 'सूलिए'. आमच्या पंचवटीतल्या शिकवणीत 'सूलिए' जुना शब्द आहे असे सांगतात. खरे कोण?

उत्तर : दोघेही. फ्रान्समध्ये बुटांना आज 'शोस्यूर' म्हणतात, मोकळेपणाने 'गोदास', आणि 'सूलिए' तिथे मागे पडला आहे. तुमचा भाऊ राहतो त्या कॅनडाच्या केबेक प्रांतात मात्र तोच रोजचा शब्द आहे. 'शार' केबेकमध्ये घराघरात चालतो, पण तिथेही कार्यालयीन कागदावर 'व्वात्यूर' लिहितात. अनोळखी लोकांना 'त्यू' म्हणण्यातही केबेकचे लोक फ्रान्सपेक्षा मोकळे आहेत. थर हे देशागणिक बदलतात, म्हणून ज्या देशात जायचे आहे, तिथली बातमीपत्रे ऐकावीत.

प्रश्न : शब्द कोणत्या थरातला आहे, हे घरबसल्या कसे पाहावे?

उत्तर : केवळ इंग्रजी अर्थ देणारा छोटा कोश यासाठी अपुरा पडतो, कारण त्यात 'व्वात्यूर' आणि 'बान्योल' या दोन्हींपुढे 'गाडी' एवढेच असते. फ्रेंच-फ्रेंच कोश घ्यावा. 'पती रोबेर' किंवा 'लारूस' चांगले आहेत. 'त्रेझोर' हा १९७१ ते १९९४ या काळात १६ खंडांत निघालेला मोठा कोश इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतो, मात्र त्यात अलीकडचे शब्द मिळणार नाहीत. अर्थाच्या आधी तिरप्या, छोट्या अक्षरांत जी खूण असते, ती वाचण्याची सवय लावावी: 'फाम' (हे 'फामिलिए'चे छोटे रूप, बाई या अर्थाचा 'फाम' नव्हे) म्हणजे मोकळ्या बोलण्यातला, 'पोप' म्हणजे त्याहून खालचा, 'व्यूल्ग' म्हणजे शिवराळ, 'लितेर' म्हणजे साहित्यातला, 'विएयी' म्हणजे जुना होत चाललेला. खूण नसेल, तर शब्द कूराँ समजावा आणि निर्धास्त वापरावा. एकाच शब्दाच्या पहिल्या अर्थापुढे खूण नसते आणि तिसऱ्यापुढे असते, असे पुष्कळदा होते, म्हणून नोंद शेवटपर्यंत वाचावी. याचे ठळक उदाहरण 'बेझे' हा शब्द आहे: नाम म्हणून त्याचा अर्थ चुंबन असाच आहे आणि तो सभ्य आहे, पण क्रियापद म्हणून तो आज अश्लील झाला आहे, आणि जुनी पुस्तके वाचून शिकलेले विद्यार्थी तिथेच फसतात. चुंबन घेणे या अर्थाने 'आँब्रासे' हेच क्रियापद वापरावे.